दवाखान्यातला अबोला

आर्णीतल्या ज्या दवाखान्यात मी नोकरीला लागले तिथं बोलायला बंदी नव्हती. उलट फार बोलणं होतं, आणि भांडण झालं ते त्यावरूनच.

दवाखाना म्हणजे तीन खोल्या. आत डॉक्टर, मधल्या खोलीत बाकडी आणि वजनकाटा, आणि एका अंगाला औषधांची खोली. तिची एक खिडकी बाकड्यांकडे उघडते. डॉक्टर पुण्याकडचे. बावीस वर्षांपूर्वी इकडे आले ते इथलेच झाले. इथलं ऊन त्यांनी पचवलं, इथला तिखट रस्सा पचवला, पण अजून 'कशाला' म्हणतात. इथं 'कायले' म्हणतात हे त्यांना पक्कं माहीत आहे, तोंडातून मात्र निघत नाही. खिडकीत कंपाउंडर काका. तेही बावीस वर्षांपासून त्याच खिडकीत. शेतकऱ्याच्या घरचे, दहावी झालेले. सगळी आर्णी त्यांना काका म्हणते, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा.

आणि तिसरी मी. आमच्या तांड्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी सांगितलं की लोकांना वाटतं, ही मोठेपणा सांगून राह्यली. हो, सांगते. तांडा म्हणजे आमची बंजाऱ्यांची वस्ती. पणजोबांच्या आधीची माणसं बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरली, बापानं वावरात कापूस पिकवला, आणि मी यवतमाळच्या हॉस्टेलात चार वर्षं पाणीदार वरण खाऊन बी. फार्म. केलं. बापानं पदवीला फ्रेम करून टीव्हीच्या वर टांगली. तेव्हापासून तांड्यातली अर्धी माणसं मला डॉक्टर समजतात, आणि माझी आई त्यांची चूक दुरुस्त करत नाही.

औषधांच्या खोलीला नियमाप्रमाणे शिकलेलं माणूस लागतं म्हणून डॉक्टरांनी मला घेतलं. पहिल्या दिवशी काकांनी खुर्ची सरकवली आणि म्हणाले, "या मॅडम." मला वाटलं, किती मान देतात. तो टोमणा होता हे कळायला मला आठ दिवस लागले. तोवर मी चांगली हसून "थँक यू काका" म्हणत होते.

काकांची काम करायची एक रीत होती. पेशंट चिठ्ठी घेऊन खिडकीशी आला की काका चिठ्ठी बाजूला ठेवायचे आणि माणसाकडे पाहायचे. मग प्रश्न सुरू. गाव कोणतं. घरी कोण हाय. वावर किती दूर. भाकर घरी खाऊन निंगता का वावरात येते. वावरात येते तर कोण आणते, सून का बायको. म्हैस गाभण हाय का दूध देऊन राह्यली. एवढं झालं की मग गोळ्या. घड्याळाचं नाव नाही. "दूध काढून झालं की ही पांढरी. वावरात भाकरीचं फडकं सोडलं की ही गुलाबी, मंग घास. कोंबड्या डालल्या की ही पिवळी." शेवटी पथ्य. वांगं नको, आंबट नको, शिळं नको. असलं पथ्य कुठल्याच पुस्तकात नाही असं डॉक्टर म्हणायचे. खरंच नाही, मी पाहिलंय. पण पथ्य सांगितल्याशिवाय आपल्याला पूर्ण औषध दिलं असं पेशंटला वाटतच नसे.

एका माणसाला असा पाव तास जायचा. मला वाटायचं, या गप्पा आहेत. कॉलेजात आम्हाला पेशंटशी कसं बोलावं यावर पूर्ण धडा होता आणि त्यात मला चांगले मार्क होते. म्हशीचा उल्लेख त्यात कुठंच नव्हता.

कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट. बाजाराचा दिवस होता, लाईन पार रस्त्यावर गेलेली. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेल्या एका गृहस्थांनी आत जाऊन तक्रार केली की डॉक्टरांकडे दोन मिनिटं लागतात आणि खिडकीशी अर्धा तास. डॉक्टरांचाही तो दिवस बरा नसावा. ते गळ्यातल्या स्टेथोस्कोपसकट बाहेर आले आणि तीस माणसांसमोर म्हणाले, "काका, गप्पा बंद करा. उद्यापासून गोळ्या ती समजावेल. तुम्ही फक्त नंबर लावा."

काका एका म्हातारीला खोकल्याचं औषध समजावत होते. त्यांनी बाटली तिच्या हातात दिली आणि अर्धं वाक्य तसंच सोडून दिलं. म्हातारी किती तरी वेळ उरलेल्या अर्ध्याची वाट पाहत उभी होती.

संध्याकाळी दवाखाना आवरताना डॉक्टर बेसिनवर हात धूत होते. काका त्यांच्यापासून तीन हातांवर. काकांनी माझ्याकडे तोंड केलं. "सांग तुह्या डॉक्टरले. हा महिना भरतो मी. एक तारखेपासून खिडकी तुही."

मी नवी. मला ह्या गोष्टींची सवय नाही. मी खरंच वळले आणि डॉक्टरांना सांगितलं, "सर, काका म्हणतात, हा महिना भरतो."

डॉक्टर हात पुसत म्हणाले, "ठीक आहे, सांग त्यांना." आणि मी परत वळून काकांना सांगितलं. आता आठवलं की माझंच मला हसू येतं. क्रिकेट पाहणाऱ्या माणसासारखी मी त्या दोघांमध्ये मान फिरवत उभी होते.

एक गोष्ट सरळ सांगून टाकते. मला ती खिडकी हवी होती. पदवी माझ्याकडे, आणि खिडकीत दहावीवाले काका, आणि मी मागं खोके फोडून गोळ्या फळीवर लावते, हे मला जड जायचं. घरी बाप रोज विचारायचा, खिडकी मिळाली का. त्या दिवशी मी सांगितलं, मिळाली, एक तारखेपासून पूर्ण माझी. बापानं लगेच दोन घरं फिरून सांगितलं. आई मात्र चुलीपाशी बसून म्हणाली, मग तो काका कुठं बसन? त्यांच्या चार एकराचं त्यांचा मुलगा पाहतो, मी सांगितलं, घरी बसतील आरामात. आई म्हणाली, बावीस वर्षं बोलणारा माणूस घरी बसून कोणाशी बोलन. हा प्रश्न मला आवडला नाही. मी ताट घेऊन अंगणात जाऊन जेवले.

मला वाटलं होतं, दोन-चार दिवसांत विसरतील. शिकलेले डॉक्टर, समजदार काका. पण समजदार माणसांचा अबोला फार पद्धतशीर असतो. डॉक्टर आतून म्हणायचे, "काकांना विचार, पट्ट्यांचा डबा कुठं आहे." काका दारातच उभे. मी मान वळवायच्या आत ते म्हणायचे, "सांग, बावीस वर्षांपासून जिथं राह्यते तिथंच हाय." डॉक्टर म्हणायचे, सांग, तिथं नाही. काका म्हणायचे, सांग, चष्मा लावून पाहा म्हणा. हे शेवटचं मी काही सांगायची नाही. पण दोघांनी ऐकलेलं असायचंच, त्यामुळे माझ्या न सांगण्याचा कोणाला उपयोग नव्हता. डॉक्टरांशी मी कॉलेजची 'मला-तुला' बोलायची, काकांशी घरची 'मले-तुले'. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत जाताना माझी भाषासुद्धा थकायची.

अकराचा चहा समोरच्या हॉटेलातून यायचा. आधी दोघं औषधांच्या खोलीत उभ्यानं तो प्यायचे. आता एक ग्लास आत आणि एक बाहेर पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून. चहावाल्यानं चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काडीमोड झाला का ह्यायचा?"

डॉक्टर पेशंटच्या आडून बोलायला शिकले. एका आजीच्या दंडात सुई देताना म्हणाले, "असं आहे आजी, काही लोकांना भल्याचं सांगितलं तरी टोचतं." आजी म्हणाली, "मले त तुमीच टोचून राह्यले, डॉक्टर." बाकड्यांवर हशा झाला. काका हसले नाहीत, पण पुढचा नंबर पुकारताना त्यांचा आवाज जरा खुलला.

इकडे खिडकीत मी. मी चिठ्ठ्या छापून घेतल्या. गोळीचं नाव, पुढं चौकट, चौकटीत मोठ्या आकड्यात घड्याळाची वेळ. सात, एक, नऊ. एका पेशंटला दोन मिनिटं. लाईन पायरीच्या आत आली. डॉक्टर म्हणाले, बघ किती सुटसुटीत झालं, आणि मी दिवसभर त्या शब्दावर तरंगत राहिले. पण आठ दिवसांत लोक परत यायला लागले. औषध लागू नाही पडलं म्हणायचे. का, तर पथ्य नाही सांगतलं ना बाई. एक काकू तर माझी चिठ्ठी घेऊन सरळ बाहेर काकांकडे गेली आणि पदराआड हळू आवाजात काहीतरी विचारायला लागली. काकांनी हात जोडले. "मले बोलाची मनाई हाय, माय. बीफार्मवाल्या मॅडमले विचारा."

त्याच आठवड्यात नायक आले होते. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. हे आमच्या नाही, शेजारच्या तांड्याचे. सत्तरीचे, ताठ, पांढरं धोतर, डोक्याला लाल पागोटं. शब्दाला पक्का माणूस. कोणाला दिलेला शब्द मोडला नाही आणि कोणाचा मोडू दिला नाही, अशी ख्याती. डॉक्टरांनी त्यांची शुगरची गोळी बदलून जरा कडक दिली होती आणि लिहिलं होतं, सकाळी, जेवणाआधी. मी विचारलं, किती वाजता उठता? पाचला. मग मी चौकटीत लिहिलं, सात. रोज बरोबर सातला घ्यायची, एक मिनिट इकडं-तिकडं नको. नायक म्हणाले, सात वाजले हे मले कसं समजन, मी त सूर्य पाह्यतो. त्यांच्या खिशात बटनांचा मोबाइल होता. तो घेऊन मी त्यात सातचा अलार्म लावला. त्यांनी तो मला तीनदा वाजवून दाखवायला लावला. लाईनमधली माणसं माना पुढं काढून पाहत होती. मला वाटलं, ह्याला म्हणतात शिक्षण.

त्या वेळी काका दारात होते. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि पुढचा नंबर पुकारला. मी ते पाहिलं होतं. मी मनात म्हटलं, जळतात.

महिना संपायला तीन दिवस उरले होते. काकांनी आपला पंचा, आपला पितळी ग्लास आणि देवाचा छोटा फोटो एका पिशवीत भरून ठेवला होता. डॉक्टर ती पिशवी रोज पाहायचे आणि तिला वळसा घालून जायचे. सकाळी दहा-साडेदहाला नायक पुन्हा आले, सुनेला घेऊन. शुगर तपासायची म्हणून उपाशी आले होते.

आमच्यातल्या जुन्या वळणाच्या घरात सून सासऱ्यासमोर बोलत नाही. घुंगट असतो, आणि आवाज तर नाहीच. नायकांच्या घरात सासू नाही, मुलगा पुण्याला गाडी चालवतो, नात दिवसभर शाळेत. घरात उरली ही दोघं, आणि दोघांत एक शब्द नाही. सून वावरात भाकर घेऊन जाते, धुऱ्यावर म्हणजे बांधावर ठेवते, बांगड्या वाजवते आणि मागं सरते. बांगड्या वाजल्या की नायकांना कळतं. नऊ वर्षं असं चाललं होतं आणि दोघांचं काही अडलं नव्हतं.

डॉक्टर बाकड्यांजवळून आपल्या खोलीत जातानाच त्यांना म्हणाले, काय नायक, कसं काय? नायक म्हणाले, एकदम झकास. गोळी भारी हाय. अन् हा फोन, साताले बोंबलते म्हणजे बोंबलतेच. त्यांनी मला पाहून हात वर केला. मी खूश. काकांनी त्यांना नंबर दिला आणि नायक बाकड्यावर बसले. सून पार दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून, मांडीवर भाकरीचं गाठोडं.

पंधरा मिनिटांनी मी पाहिलं तर नायक पागोट्याच्या शेवानं मान पुसत होते. बाहेर थंडी होती. बाकीची माणसं शाली घेऊन बसलेली. मी पाहिलं आणि पुढची चिठ्ठी लिहायला घेतली, हे लपवून काय उपयोग.

तेवढ्यात सून उठली. खिडकीशी आली. माझ्याकडे पाहिलं नाही, सासऱ्याकडे पाठ केली, आणि खिडकीशेजारच्या वजनकाट्याकडे तोंड करून बोलायला लागली. आमच्या बोलीत बोलली, मी इथं मराठीत सांगते. आवाज मोठा होता. बाकड्यांवरच्या सगळ्या माना तिकडे वळल्या.

"हे रोज असंच होते. फोन वाजते, हे गोळी खातेत, चहा बिनसाखरेचा घेतेत आणि वावरात जातेत. माझी भाकर अकराले पोचते. तोवर असा घाम, हात कापतेत, झाडाखाली बसून राहतेत. परवा मले ओळखलं नाही. मी कोणाले सांगू?"

वजनकाट्यानं काही उत्तर दिलं नाही. काका मात्र नंबरांचे पत्ते तिथंच टाकून माझ्या अंगावरून आत घुसले, फळीवरचा ग्लुकोजचा डबा काढला, पितळी ग्लास पिशवीतून ओढून त्यात पाणी घेतलं, आणि नायकांच्या मानेखाली हात घालून ते त्यांना घोट घोट पाजायला लागले. पाजता पाजता ओरडले, "डॉक्टर, बाहेर या. शुगर पडली नायकाची."

सव्वीस दिवसांत त्यांनी डॉक्टरांना मारलेली ही पहिली हाक. डॉक्टर आतल्या पेशंटचं मनगट तसंच सोडून धावत आले. "किती वेळ झाला?" "आत्ता घाम फुटला." "शुद्ध?" "हाय. पण डोळे फिरून राह्यले." "आणखी द्या, हळू." बोटाला सुई टोचून मशीनवर पाहिलं. आकडा पाहून डॉक्टरांनी डब्यातलं ग्लुकोज आणखी ग्लासात ओतलं. ते दोघं एका बाकड्याच्या दोन बाजूंना बसून एका माणसाला सांभाळत होते, आणि मधे निरोप न्यायला कोणी लागत नव्हतं.

थोड्या वेळानं नायकांच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांना आतल्या पलंगावर नेलं. सुनेनं गाठोडं सोडून भाकर आणि वांग्याची भाजी दाराशी ठेवली. बांगड्या वाजल्या. नायक उठून बसले आणि खायला लागले. चार घास झाल्यावर ते काकांना म्हणाले, "नऊ वर्षं झाली घरात येऊन. तिचा आवाज असा हाय, हे मले आज समजलं."

बाहेर सून पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली होती. ऐकलं की नाही, सांगता येत नाही. पण घुंगट जरा हलला.

मग डॉक्टरांनी माझी छापील चिठ्ठी हातात घेतली. "सातला घ्यायला कोणी सांगितलं?"

स्पष्ट बोलणारी म्हणून माझं नाव आहे. घरात, तांड्यात, हॉस्टेलच्या मेसमध्ये तर विचारूच नका. त्या वेळी मात्र आधी दोनच शब्द निघाले. "मी सांगितलं," मी म्हटलं. "सर, तुम्ही जेवणाआधी लिहिलं होतं. ते जेवतात कधी आणि कुठं, हे मी विचारलंच नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मीही नाही विचारलं," ते म्हणाले. ते अजून काही म्हणणार होते, पण काका मधेच बोलले.

"मले दिसलं होतं."

डॉक्टर वळले. "काय दिसलं होतं?"

"साताले गोळी अन् अकराले भाकर. नायक घरी खात नाही, हे मले मालूम हाय. हिनं फोनात टाइम टाकला तवाच मले दिसलं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलू नका म्हणलं होतं तुमी. तीस लोकायसमोर."

"गप्पा मारू नका म्हटलं होतं. माणूस पडेल तरी बोलू नका, असं म्हटलं होतं का मी?"

"गप्पा कोणत्या अन् काम कोणतं, हे तुमाले बावीस वर्षांत नाही समजलं, त मले एका दिवसात काहून समजन?"

झालं. महिनाभर माझ्या खांद्यावरून जे जात होतं ते सगळं आता सरळ एकमेकांच्या तोंडावर सुरू झालं. बाहेरची माणसं बाकडी पुढं सरकवून बसली. डॉक्टरांनी पथ्याचा विषय काढला. काकांनी सांगितलं की पथ्य सांगतलं म्हणून लोक औषध मनावर घेतात, वांग्याचं काय, वांगं त मीबी खातो. डॉक्टर म्हणाले, मग खोटं सांगता? काका म्हणाले, तुमी सुई देताना दुखत नाही म्हणता ते काय हाय? मग फार जुनं निघालं. पहिल्या वर्षी डॉक्टरांना इथली बोली कळायची नाही, पेशंट काय म्हणतो ते काका कानात सांगायचे. तेव्हा गप्पा चालत होत्या, आता नाही चालत. डॉक्टर म्हणाले, हे तुम्ही मला बावीस वर्षांनी ऐकवणार? काका म्हणाले, मंग कवा ऐकवू, महिनाभर कोणी समोरच येत नव्हतं.

मला वाटलं आता मिटेल. पण काका एकदम खाली बसले, पेशंटच्या स्टुलावर.

"तुमच्यावर रुसलो ते रुसलो," ते हळू म्हणाले. "पण मी जीव वाचवाच्या जागी रुसून बसलो. साठ वर्षांचा माणूस. हे मले चालत नाही. मी जातो एक तारखेले. आता तुमच्यापायी नाही, ह्यापायी जातो."

पिशवी दाराशी पडलेली होती. मला एक महिना हवी असलेली खिडकी आता पूर्ण माझी होणार होती आणि ती मला अजिबात नको होती. तिथं बसून नायकाच्या भाकरीची वेळ मला कोण सांगणार होतं? मी तसं म्हणाले. नीट नाही म्हणाले, अर्धं मराठीत, अर्धं वऱ्हाडीत, आणि 'काका, मले येत नाही ते' एवढंच बहुतेक ऐकू गेलं असेल.

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा लावला. "ह्या कारणानं जायचं असेल तर मलाही जावं लागेल," ते म्हणाले. "आणि हिलाही. चूक तिघांची आहे. मग दवाखान्यात बसेल कोण?"

पलंगावरून भाकर चावत नायक म्हणाले, "मी बसतो ना. मले आता फोन लावता येते."

काका हसले. आधी नाकातून, मग तोंडातून, मग खांदे हलायला लागले. डॉक्टरांनाही हसू आवरेना. बाहेर बाकड्यांवरचे लोकही, काय झालं हे न कळताच, हसले.

डॉक्टरांनी नवी चिठ्ठी लिहिली. ती त्यांनी माझ्याकडे दिली नाही, काकांपुढं धरली. "समजावा," ते म्हणाले. "वेळ लागू द्या."

काकांनी चिठ्ठी घेतली. म्हणाले, एकाले समजावून काय उपयोग, भाकर आणणारीले समजावा लागन. आणि मग त्यांनी जे केलं ते मला कुठल्या धड्यात शिकवलं नव्हतं. ते दाराच्या उंबऱ्यात उभे राहिले, आत सासरा, बाहेर सून, आणि दोघांपैकी कोणाकडे न पाहता उंबऱ्याकडे पाहून बोलले. गोळी आता घरी ठेवायची नाही, भाकरीच्या गाठोड्यात बांधायची. धुऱ्यावर बांगड्या वाजल्या की गोळी, मागोमाग घास. सकाळी निघताना अर्धी भाकर खाऊनच निघायचं. हात कापले तर गूळ, तोही गाठोड्यातच. भाकर नाही आली त गोळी नाही. आत नायकांनी मान हलवली, बाहेर घुंगटानं मान हलवली. वीस मिनिटं गेली. लाईन रस्त्यावर गेली होती. डॉक्टर आपल्या दारात उभे राहून ऐकत होते आणि मधे एकदा मला म्हणाले, लिहून घे. मी लिहून घेतलं.

फक्त अलार्म काढायला नायकांनी साफ नकार दिला. दिलेली वस्तू परत घेत नाहीत म्हणाले. शेवटी तो सातला वाजायचा तसा वाजू दिला. त्या वेळी ते आता उठून पागोटं बांधतात, असं त्यांच्या तांड्यातली माणसं सांगतात.

पुढं तीन दिवस काकांनी राहणार की जाणार ते काही सांगितलं नाही. डॉक्टरांनीही विचारलं नाही. पिशवी तिथंच होती. ग्लास मात्र परत फळीवर गेला होता, कारण चहा आता पुन्हा आत यायला लागला होता आणि काकांना हॉटेलचा ग्लास चालत नाही.

एक तारखेला आमच्याकडून येणारी काळीपिवळी जीप सगळ्या सीटा भरेपर्यंत हललीच नाही. मी धापा टाकत पोचले. खिडकीत काका बसले होते, समोर कोणी आज्जी, आणि विषय तिच्या शेळीचा. त्यांच्या शेजारी डॉक्टरांच्या खोलीतलं स्टूल आणून ठेवलेलं होतं. मी त्यावर बसले.

काका आज्जीकडून नजर न काढता म्हणाले, "मॅडम, दहा मिनिटं उशीर."

आतून आवाज आला, "दहा नाही काका, बारा."

"हव, बाराच," काका म्हणाले.

तेव्हापासून माझ्या चुकांबाबत त्या दोघांचं एकदाही दुमत झालेलं नाही.